कारण नसलेली कथा

या अंकाच्या संपादकांनी मला रेल्वेतले अनुभव लिहायला सांगितलं आहे. खरं सांगायचं तर छोट्या लाईनीवरच्या स्टेशनमास्तरला अनुभव फार येत नाहीत. गाडी वेळेवर आली तर तो अनुभव नव्हे, आणि उशिरा आली तर तो वरच्या साहेबाला कळवायचा असतो, वाचकाला नाही. त्या काळात माझा आणखी एक धंदा होता. त्यानं माझं पोट भरलं नाही, पण माझी उमेदीची वर्षं त्यानंच खाल्ली. मासिकांच्या कथास्पर्धांना कथा पाठवण्याचा धंदा. मी त्याबद्दल लिहितो आहे. संपादकांना चालणार नसेल तर त्यांनी परत पाठवावं. मला त्याची सवय आहे.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी नोकरीला लागलो. गोंदियाहून चांद्याकडे जाणारी छोटी लाईन तेव्हा जंगलातून चालायची, अजूनही चालते म्हणा. त्या लाईनीवर प्रतापगडाचा डोंगर दिसतो अशा एका स्टेशनवर मला टाकलं. एक खोली म्हणजे स्टेशन, दोन खोल्या म्हणजे माझं क्वार्टर, आणि पलीकडे रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समन फागूजीची झोपडी. गाव कोसभर आत, तळ्याच्या पलीकडे. सकाळची गाडी गेली की दुपारच्या गाडीपर्यंत बांबूच्या थप्प्या आणि मी. पावसाळ्यात धानाच्या बांध्या पाण्यानं भरल्या की गावचा माणूसही स्टेशनकडे यायचा नाही.

माझं घर दवनीवाड्याकडचं. शेती धानाची, घर भरलेलं. नोकरी लागली म्हणून वडिलांनी त्याच भागातली मुलगी पाहून लग्न लावून दिलं. तिचं नाव देवका. तिच्या माहेरी चार भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, गडी. धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत तर जेवायला पंगती बसायच्या. अशा घरातली मुलगी मी या दोन खोल्यांत आणून ठेवली. ती फागूजीच्या बायकोशी बोलायची, पण ती बिचारी कानानं पार बहिरी. मी गाडीच्या वेळी स्टेशनात, आणि गाडी नसेल तेव्हा काही वाचत बसलेला. आमचं भांडण असं कधी झालंच नाही. भांडायला दोघांनाही काही विषय सापडला नसावा.

दीड-दोन वर्षं तिनं काढली. एका सकाळी स्वयंपाक करून, भांडी घासून पालथी घालून तिनं गाठोडं बांधलं आणि मला सांगितलं, "तुमी चांगले आहात जी. पर इथं मले बोलाले कोनी नाई. मी घरी जाऊन राहिली."

मी विचारलं, किती दिवसांसाठी. तिनं गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली, आणि मला समजलं.

ती त्याच सकाळच्या गाडीनं गेली. आता बाहेरच्या लोकांना हे सांगायला हवं की एकट्या स्टेशनमास्तरच्या स्टेशनवरून गाडी त्याच्याशिवाय निघत नाही. पुढचं स्टेशन मोकळं आहे असा निरोप आला की लाईन क्लिअरचा कागद ड्रायव्हरच्या हातात मीच द्यायचा, हिरवा बावटा मीच दाखवायचा, आणि शेवटचा डबा जाईपर्यंत गाडीकडे तोंड करून उभं राहायचं. तो नियम आहे. तेव्हा माझी बायको ज्या गाडीनं मला सोडून गेली ती गाडी मीच सोडली. ती दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसली होती. मला पदराचा काठ दिसला, तोंड दिसलं नाही.

पुढे रिवाजाप्रमाणे पंच बसले. मी अडवलं नाही. काडीमोड झाली, आणि पुढच्या सालात तिरोड्याकडच्या एका विधुर शेतकऱ्याशी तिचा पाट लागला. आमच्याकडे यात कुणी फार नवल केलं नाही. वडील एवढंच म्हणाले की दुसरी पाहू. मी नको म्हटलं, ते आजवर नकोच राहिलं.

त्या उन्हाळ्यात मी पहिली कथा लिहिली. स्टेशनमास्तर, त्याची बायको, आणि ती जाते. बस, एवढीच. मासिकं मी वाचतच होतो. एकात कथास्पर्धेची जाहिरात होती, म्हणून पाठवली.

हा धंदा कसा चालतो ते थोडं सांगतो. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, डाव्या हाताला समास सोडायचा, खाडाखोड चालत नाही. कथेवर नाव घालायचं नाही. ते वेगळ्या पाकिटात बंद करून द्यायचं, म्हणजे परीक्षकाला लेखक कळू नये. सोबत परतीची टपाल तिकिटं जोडायची. ही तिकिटं जोडतानाच हात थोडा कचरतो, कारण आपण आपल्या कथेच्या परत येण्याची सोय आपल्याच हातानं करत असतो. प्रत हातानंच काढावी लागे. मी कथा जितक्यांदा पाठवली तितक्यांदा ती पहिल्या अक्षरापासून पुन्हा लिहिली. मग महिनोनमहिने वाट. माझ्या बाबतीत गंमत अशी की टपालाची थैली माझ्याच गाडीनं यायची, मीच उतरवून घ्यायचो आणि फागूजीबरोबर गावच्या टपालात पाठवायचो. थैलीत आपलं काही आहे की नाही हे हाताला कळत नाही, तरी मी उचलताना चाचपायचो. त्यात माझी परत आलेली कथा असली तर संध्याकाळी फागूजी ती टपालातून घेऊन यायचा.

पहिल्या खेपेला कथा नागपूरहून परत आली. तेव्हा नागपूर ही आमची राजधानी, तिथल्या मासिकाचा आमच्याकडे दरारा. नुसती 'साभार परत'ची छापील चिठ्ठी असती तर मी कदाचित तिथंच थांबलो असतो. पण संपादकांनी खाली स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: भाषा सरळ आहे, पण पत्नी का जाते ते कळत नाही. कारण द्या. सासूचा जाच दाखवता येईल.

माणसाला आपलं कुणी वाचलं याचा इतका आनंद होतो की काय लिहिलंय तिकडे लक्ष जात नाही. मी ते पत्र बरेच दिवस टेबलाच्या खणात ठेवून रोज वाचलं. मग सासू घातली. कथेतली सासू चांगली जमली होती. बोलणं टोचणारं, नजर तिखट. त्याच दिवसांत माझी आई चार दिवस राहायला आली. देवका गेल्यावर सगळ्यांत जास्त कुणाला लागलं असेल तर ते आईला. सणाला ती अजून तिच्या नावानं लुगडं बाजूला काढायची आणि मग धाकट्या सुनेला द्यायची. दुपारी मी लिहीत बसलेला पाहून ती म्हणाली, काय लिहून राहिला, मलेबी वाचून दाखव. मी जुन्या अंकातली दुसऱ्याच कुणाची कथा वाचून दाखवली. तिला ती आवडली.

सासू असलेली कथा पुण्याच्या स्पर्धेला गेली. तिथं कथा दोन परीक्षकांकडे जात असे, आणि त्यांचे शेरे लेखकाला दाखवत नसत. पण कुणाच्या तरी नजरचुकीनं माझी प्रत शेऱ्यांसकट परत आली. एकाची तांबडी पेन्सिल, दुसऱ्याची निळी. सासू जिथं पहिल्यांदा बोलते तिथं तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'उत्तम. अजून रंगवावे.' त्याच ओळीला निळ्या पेन्सिलीनं, 'ही बाई खोटी वाटते. काढावी.' आणि शेवटी, नवरा स्वतःच बावटा दाखवतो तिथं तांबड्यानं लिहिलं, 'अतिनाट्य. असे घडत नाही.' त्याच्या खाली निळं, 'हाच कथेचा प्राण आहे.'

मी ती प्रत घेऊन फलाटावर गेलो आणि लिंबाखालच्या बाकावर बसून राहिलो. माझ्या आयुष्यात खरोखर घडलेली एकच गोष्ट त्या कथेत होती, आणि एक शहाणा माणूस ती घडत नाही म्हणत होता. दुसरा कोण असेल? मी त्याच्याबद्दल खूप विचार करायचो. वयस्क असेल, किंवा एखादी बाईही असेल. तिला वाटलं असेल का, की हे खरं आहे? स्पर्धेचा नियम असा की परीक्षकाचं नाव कळत नाही. मी मासिकाला पत्र घालून विचारलं, त्याला उत्तर आलं नाही. लिहिण्याच्या त्या मुलखात मला ओळखणारं जे कुणी होतं ते मला निळ्या अक्षरांपलीकडे कधी भेटलं नाही.

नवीन लिहिणाऱ्यांना माझ्यासारख्यानं काय सांगावं? पण संपादकांचे शेरे कसे घ्यायचे हे पुढच्या काळात अनेकांनी मला विचारलं म्हणून लिहितो. पत्र आल्या दिवशी उत्तर लिहू नये आणि कथेलाही हात लावू नये. पुढे मी ते मालाच्या वजनकाट्याखाली सरकवून ठेवायचो, म्हणजे पोतं तोलायला काटा ओढल्याशिवाय ते हाती लागत नसे. दोन माणसांनी एकाच ओळीवर बोट ठेवलं आणि उलटसुलट सांगितलं, तर दोघांचंही सोडून द्यावं, पण ती ओळ आपण पुन्हा वाचावी. हे मला आता सांगता येतं. तेव्हा मी तिसऱ्याचं ऐकायला गेलो.

तिसरे मुंबईचे. त्यांच्या साप्ताहिकाची प्रादेशिक कथांची स्पर्धा होती. मी सासू काढून टाकली आणि पाठवली. त्यांचं पत्र खूप मोकळं, आपुलकीचं होतं. बोली ठेवा, ती गोड आहे, आमच्या वाचकांना नवी आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. पण तुम्ही जंगलातले, नागझिऱ्यासारखं रान तुमच्या शेजारी, आणि कथेत जंगल कुठं आहे? वाघ आला तर बायकोच्या जाण्याला आपोआप कारण मिळेल. बदल करून पाठवलीत तर अंतिम फेरीसाठी अजून वेळ आहे.

कारण, पुन्हा कारण. मी वाघ घातला. वाचक हसतील, पण अंतिम फेरी म्हटल्यावर मी वाघच काय, हत्तीही घातला असता. तळ्यावर पाण्याला गेलेली बायको वाघाच्या तोंडी जाते आणि नवरा तिच्याशिवाय गाडी सोडतो, असा तो शेवट. लिहिताना मला स्वतःला गहिवरून आलं. पुरी झाल्यावर कुणाला तरी वाचून दाखवावी असं वाटलं, आणि ऐकायला तर फागूजीच होता. तो कंदिलाच्या काचा पुसत होता. मी वाचलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं, काच उजेडाला धरून पाहिली आणि म्हणाला, "बाबूजी, बाई तं तिकडं पोराची माय होऊन राहिली. तिले वाघाच्या तोंडी काऊन देता?"

देवकाला मूल होणार हे मला त्याच्याकडून कळलं. त्याला गाडीच्या गार्डाकडून कळलं होतं. छोट्या लाईनीवर बातम्या अशाच फिरतात.

वाघाची कथा मी पाठवली नाही. अंतिम फेरीची मुदत टळून गेली तो दिवस मला आठवतो. दुपारची गाडी बांबू भरायला बराच वेळ थांबली होती, आणि मी ड्रायव्हरशी त्याच्या बैलांबद्दल बोलत होतो.

त्यानंतर दोन-तीन वर्षं मी काही लिहिलं नाही. मग गोंदियाच्या एका छापखान्याच्या मालकानं वार्षिक अंक काढून त्यात कथास्पर्धा ठेवल्याचं कळलं. छापखाना म्हणजे मुख्यतः बिडीच्या बंडलांची लेबलं छापायचा. वर्षातून एकदा त्याच यंत्रावर साहित्य छापलं जाई. मालकांना सगळे गोविंदराव म्हणत. मी पहिल्या वेळची कथा, सासूशिवाय, वाघाशिवाय, कारणाशिवाय, पुन्हा उतरवून काढली आणि पाठवली. काही आठवड्यांनी निरोप आला की गोंदियाला आलात तर भेटा. पगाराच्या कामासाठी जायचंच होतं, तेव्हा गेलो.

एखाद्या संपादकाचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. गोविंदराव मराठीच, पण जन्म गोंदियाच्या बाजारात गेलेला, त्यामुळे बोलताना निम्मं हिंदी. शाईचे हात पुसत त्यांनी मला तांबड्या-पिवळ्या लेबलांच्या गठ्ठ्यावर बसवलं आणि चहा मागवला. ते म्हणाले की तुमची कहानी सगळ्यांत वर आहे, कारण नाही तेच बरं आहे, त्यांच्या मावशीचंही असंच झालं होतं आणि कारण तिलाही सांगता आलं नव्हतं. मला वाटलं, निळी पेन्सिल सापडली. मग त्यांनी शेवटचं पान उघडलं.

"बस, एकच गोष्ट, मास्टरजी. बाई अशी कोरडी निघून जाते, तर वाचकानं रोना कहाँ? एक वाक्य टाका. तिच्या डोळ्यांत पाणी पाहिजे."

मी म्हटलं, मला तिचं तोंड दिसलं नव्हतं. ते म्हणाले, मग तर दोन्हीतलं काहीही लिहायला तुम्ही मोकळे आहात.

मी त्यांच्या हातातून ते पान घेतलं. आणि एक सांगतो, ते वाक्य मलाही हवं होतं. इतकी वर्षं मी त्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीचा विचार करत आलो होतो. तिथंच, लेबलांच्या गठ्ठ्यावर बसून मी लिहून दिलं: 'गाडी हलली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.' गोविंदरावांनी वाचून मान हलवली, आणि कथा खिळ्यांच्या जुळणीला गेली.

पहिलं बक्षीस मिळालं. गोंदियाला समारंभ होता, पण माझ्या जागी बदली माणूस आला नाही, म्हणून मला जाता आलं नाही. प्रशस्तिपत्र आणि अंकाच्या प्रती पार्सलनं आल्या. पार्सल कुणालाही देताना सही घ्यावी लागते. मी देणारा म्हणून सही केली आणि घेणारा म्हणूनही केली. फागूजीनं विचारलं, काय आलं. मी म्हटलं, बक्षीस. तो बरं म्हणाला आणि सिग्नलला तेल घालायला गेला. मी एक प्रत आईला पाठवली. ती धाकट्या भावानं तिला वाचून दाखवली असावी, कारण पुढच्या भेटीत ती माझ्याजवळ बराच वेळ नुसती बसून राहिली.

त्या एका अंकानंतर माझं नाव थोडं झालं. नागपूरच्या मासिकानं पुढे माझ्या कथा घेतल्या. 'कारण द्या' लिहिणारे संपादक एकदा पत्रात म्हणाले, तुमची ती गोंदियाच्या अंकातली कथा आम्हाला का पाठवली नाहीत? मी ते पत्रही वजनकाट्याखाली सरकवलं.

प्रतापगडाला महाशिवरात्रीची मोठी जत्रा भरते. डोंगरावर महादेवही आहे आणि दर्गाही. लोक दोन्हीकडे जातात. वर्षभर ओस पडलेलं माझं स्टेशन त्या दोन-तीन दिवसांत माणसांनी भरून जातं. बक्षिसाच्या नंतरच्या जत्रेला, परतीच्या दुपारच्या गाडीसाठी फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी तिकिटं देत होतो. खिडकीत एक हात आला, त्यात चांदीच्या पाटल्या होत्या, आणि त्या पाटल्या मी ओळखल्या. त्या तिच्या माहेरच्या होत्या.

"तिरोड्याचे अडीच द्या जी," देवका म्हणाली.

मी तिकिटं दिली. मागे गर्दी होती, ती बाजूला झाली. गर्दी ओसरल्यावर मी बाहेर आलो तर ती लिंबाखाली उभी होती. अंगानं भरली होती, चेहरा उन्हानं लाल झालेला. थोड्या अंतरावर तिचा नवरा लहान मुलीला खांद्यावर घेऊन जत्रेतली फिरकी फिरवून दाखवत होता. त्यानं माझ्याकडे पाहून रामराम केला आणि पाठ करून उभा राहिला. भला माणूस होता.

मी तिला बरी आहेस का विचारलं. ती बरी होती. तिनं आईची विचारपूस केली. फागूजीची बायको वारली हे तिला माहीत नव्हतं, ते ऐकून तिनं त्याच्या झोपडीकडे पाहिलं. मग तिनं सांगितलं की त्यांच्या गावच्या गुरुजींकडे गोंदियाचा अंक आला होता, आणि त्यांनी पारावर बसून एक गोष्ट सगळ्यांना वाचून दाखवली. बायका घराच्या ओट्यावरून ऐकत होत्या. नाव दुसरं घातलं होतं, पण भांडी पालथी घालण्याशी आल्यावर तिला कळलं.

इतक्या संपादकांची पत्रं मी उघडली होती, पण असा कधी उभा राहिलो नव्हतो. मी विचारलं, कशी वाटली.

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "सारं बराबर आहे," ती म्हणाली. "पर मी रडली नोहोती जी."

मी म्हणालो, संपादकांनी ते घालायला सांगितलं.

"सांगितलं असन," ती म्हणाली. "पर मी रडली नोहोती."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. भाजीच्या जुड्या मोजून घेताना एखादी राहिली तर सांगावं, तसं तिनं सांगितलं. मला पुढचं विचारायचं होतं. रडली नव्हतीस, तर त्या खिडकीशी काय करत होतीस? काय बघत होतीस? ओठांवर शब्द आले होते. पण तेवढ्यात पुढच्या स्टेशनची घंटा वाजली, मला आत जावं लागलं, आणि बाहेर आलो तेव्हा गाडी लागत होती, ती माणसं चढत होती, नवरा मुलीला वर देत होता आणि देवका गाठोडी मोजत होती.

काही वर्षांनी माझ्या कथांचं पुस्तक निघालं. त्यात ही कथा घ्यायची ठरली तेव्हा प्रकाशकांनी आधीच सांगून टाकलं की शेवटच्या वाक्यामुळेच ती वाचकांच्या लक्षात राहिली आहे, त्याला हात लावू नका. मी ते वाक्य खोडलं. त्या जागी दुसरं काय लिहावं म्हणून प्रकाशकांनी दोन पत्रं पाठवली, शेवटी जागा कोरीच सोडून छापलं. आजवर मला तिथं काही सुचलेलं नाही.